संक्रांतीचे वाण आणि शाळा

(इयत्ता तिसरी व चौथीसाठी समवायी पाठाची रूपरेषा व काही सूचना)

पौषातील थंडी अंगात मुरू लागली, हरभऱ्याला घाटे धरले, बोरी पिकल्या, की गावाला संक्रांतीचे वेध लागतात. प्राथमिक शाळांतून ह्या सणाचा पाठ दरवर्षी होतो. रंगीत खडूने फळ्यावर पतंग काढले जातात, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिले जाते, मुले एकमेकांस तिळगूळ देतात आणि पाठ पुरा झाला असे समजले जाते. ह्यात वाईट काही नाही. परंतु ज्या सणात आकाश, शेत, स्वयंपाकघर, बाजार आणि शेजार ही सर्वच एकत्र येतात, तो एवढ्यावर आटोपणे म्हणजे भरले सुगड न उघडताच परत करण्यासारखे आहे. शिवाय ह्या पाठात एक खाचही आहे. तिच्याकडे लक्ष न दिल्यास पाठाचा परिणाम नेमका उलटा होतो.

संक्रांत हा देण्याघेण्याचा सण आहे. असा सण शाळेत आला म्हणजे कोणापाशी देण्यासारखे आहे व कोणापाशी नाही, हे चाळीस मुलांदेखत उघड होते. घरात उणेपणा झाकता येतो. वर्गात तो झाकता येत नाही. एका शाळेत पाहिलेली गोष्ट सांगतो. तिसरीच्या वर्गात तिळगुळाची देवघेव चालली होती. एका मुलीने घरून काहीच आणले नव्हते. तिला दोघीतिघींनी लाडू दिले. ती क्षणभर घुटमळली आणि मिळालेल्यांपैकीच एक लाडू तिने पुढच्या मुलीच्या हातावर ठेवला. ती मुलगी चटकन म्हणाली, “हा तर माझाच!” वर्ग हसला. गुरुजी दारापाशी कोणाशी तरी बोलत होते. त्यांच्या ध्यानात काही आले नाही. पुढल्या वर्षी संक्रांतीच्या पाठाला ती मुलगी गैरहजर होती. हजेरीपटावर त्याचे कारण लिहिण्याचा रकाना नसतो.

गोड बोलण्याचा पाठ ज्या तासाला द्यावयाचा, त्याच तासाला एखाद्या मुलास खाली मान घालावी लागत असेल, तर तो तास न घेतलेला बरा. पण तो न घेण्याचे कारण नाही. देण्याचे माप शाळेने आधी विचारपूर्वक ठरविले की ही अडचण दूर होते. ते माप कसे ठरवावे हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय होय. तत्पूर्वी पाठाची बाकीची अंगे पाहू.

सूर्य आणि सावली

‘संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते व दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागतो’ असे आपण मुलांना सांगत आलो आहो. ह्या विधानाचा उत्तरार्ध गोड आहे, पूर्वार्ध मात्र आज खरा नाही. सूर्याचे दक्षिणेकडे जाणे २१ किंवा २२ डिसेंबरला संपते आणि तेथूनच दिवस वाढू लागतो. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने हे ध्यानात घेतले होते. त्यामुळेच २२ मार्च १९५७ पासून चालू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत सौर पौष महिन्याची पहिली तारीख २२ डिसेंबरला येते.

मग आपली संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस कशी? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे अतिशय मंद गतीने डोलतो. त्यामुळे ऋतूंची सुरुवात ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकते. आपली पंचांगे संक्रांत ताऱ्यांवरून मोजतात. सुमारे १७०० वर्षांपूर्वी उत्तरायणाचा आरंभ व मकरसंक्रांत एकाच दिवशी होत असत. आज त्यांच्यामध्ये तेवीस-चोवीस दिवसांचे अंतर पडले आहे. हे सरकणे मुलांना पटवावयाचे तर एक उदाहरण पुरे. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, आणि ती तारीख १२ जानेवारी १८६३ ही होती. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीस आली.

काही शिक्षकांना वाटेल की हे सांगितल्याने सणाची गोडी कमी होईल. तसा अनुभव नाही. मुलांना खोटे पडणाऱ्या गोष्टीपेक्षा सरकणारी गोष्ट फार आवडते. ती त्यांनी स्वतः मोजली तर अधिकच.

त्यासाठी मैदानात एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने पुरावी. भर दुपारी, साधारण सव्वाबारापासून पाऊण वाजून जाईपर्यंत, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवावा. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची सावली. पुणे किंवा लातूर ह्यांच्या आसपासच्या गावी २२ डिसेंबरला ती सुमारे ९० सेंटिमीटर भरेल, १४ जानेवारीस सुमारे ८३, आणि जानेवारीअखेर ७३ च्या जवळपास. नागपूर-अमरावतीकडे पहिल्या दोन दिवशी ती ह्याहून आठ-नऊ सेंटिमीटरने लांब पडेल. पहिल्या तीन आठवड्यांत सावली सातच सेंटिमीटर आखडते आणि पुढच्या अडीच आठवड्यांत दहा, हे मुलांच्या नजरेस आणून द्यावे. सूर्य वळताना रेंगाळतो, मग चाल धरतो. तिळातिळाने वाढण्याचा अर्थ येथे आकड्यांत दिसतो.

एखादा चौकस मुलगा विचारील, “गुरुजी, दिवस मोठा होतो म्हणता, पण संक्रांतीला उजाडते तर अधिकच उशिरा!” त्याची शंका रास्त आहे. पुण्यास २२ डिसेंबरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तर १४ जानेवारीस सात वाजून आठ मिनिटांच्या सुमारास. परंतु सूर्यास्त ह्या अवधीत सुमारे चौदा मिनिटांनी पुढे गेलेला असतो. म्हणजे दिवसाची वाढ ह्या काळात संध्याकाळच्या बाजूने होते. अशा मुलाला गप्प न बसविता घड्याळ घेऊन आठ दिवस नोंदी करावयास सांगावे.

रथसप्तमीचाही येथेच उल्लेख करावा, कारण हळदीकुंकवाचे दिवस तिथपर्यंत चालतात. संक्रांत सूर्यावर ठरते, रथसप्तमी चंद्राच्या तिथीवर. म्हणून २०२४ साली दोहोंमध्ये ३२ दिवस होते, तर २०२६ साली अवघे ११. दिनदर्शिका भिंतीवर लावून हे अंतर मुलांकडून मोजून घ्यावे.

भोगीची भाजी

सणाच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी तीळ लावून न्हाणे, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि अनेक भाज्यांची मिळून एक भाजी असा बेत घरोघर असतो. ह्या भाजीस कोठे लेकुरवाळी म्हणतात, कोठे खेंगट. हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, वांगे, गाजर, बोरे, भुईमुगाचे ओले दाणे, उसाचे करवे असे जे जे शिवारात असेल ते तिच्यात पडते. बाजरी उष्ण, तीळ स्निग्ध, म्हणून हे थंडीचे अन्न, असे आजी सांगते. आहारशास्त्रही तिच्या बाजूचे आहे. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असते, आणि सालासकट १०० ग्रॅम तिळात सुमारे एक हजार मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक कॅल्शियम सापडते. ज्या मुलास रोज पेलाभर दूध मिळत नाही, त्याच्या हाडांसाठी तीळ ही मोलाची वस्तू आहे.

पण शिक्षकाने मुलांचे लक्ष वेधावे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. ही भाजी एका शेतात पिकत नाही. ज्याच्या मळ्यात पावटा आहे त्याच्याकडे गाजर नसते, ज्याच्या बांधावर बोर आहे त्याच्याकडे ऊस नसतो. म्हणून भोगीच्या आदल्या संध्याकाळी गावात सुपे-टोपल्या इकडून तिकडे जातात. मुलांना घरी पाठवून एवढेच विचारून आणावयास सांगावे : भाजीतील प्रत्येक जिन्नस कोठून आला? आपल्या शेतातून, शेजाऱ्याकडून, की बाजारातून? दुसऱ्या दिवशी तीन रकान्यांचा तक्ता फळ्यावर भरून घ्यावा. मधला रकाना ज्या गावात मोठा निघेल त्या गावाचे अभिनंदन करावे. तिसरा रकाना दरवर्षी वाढतो आहे असे आढळेल, तर मुलांनी आजी-आजोबांस त्याचे कारण विचारावे. तेथे भूमिहीन कुटुंबाच्या मुलाकडे पहिल्या रकान्यात काहीच नसेल. त्याचा तक्ता वेगळा वाचून दाखवू नये. तक्ता वर्गाचा एकच असावा.

लातूर-धाराशिव भागातील शिक्षकांनी ह्याच्या आधी येणारी वेळ अमावास्या, म्हणजे येळवस, ह्याच पाठाला जोडावी. सारे गाव शेतात जाऊन भज्जी-आंबिलीचे जेवण करते आणि वाटेने जाणाऱ्यासही बोलावून वाढते, ही चाल मुलांना ठाऊकच असते. तिचे नाते भोगीशी आहे हे मात्र त्यांना सांगावे लागते.

गूळ कोठून येतो

तिळगुळातील तीळ खरिपात निघालेले असतात. गूळ मात्र ताजा असतो, कारण गुऱ्हाळे ह्याच दिवसांत पेटलेली असतात. कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या जिल्ह्यांतील शिक्षकांनी मुलांना गुऱ्हाळावर अवश्य न्यावे. चरकातून निघणारा रस, चुलवाणावरची रुंद काहील, रस साफ करण्यासाठी त्यात घातलेला भेंडीचा चिकट रस, वर येणारी मळी, आणि पाकाकडे नजर लावून बसलेला गुळव्या ही सर्व मुलांनी पाहावीत. शंभर किलो उसापासून साधारण दहा ते बारा किलो गूळ निघतो. ह्यावर तिसरी-चौथीस पुरतील एवढी उदाहरणे सहज करता येतात. जळण म्हणून उसाचीच चिपाडे वापरली जातात, हे मुलांना फार नवलाचे वाटते.

गुऱ्हाळ जवळ नसेल तर बाजारातील गुळाची ढेप वर्गात आणावी. पण ऊस तोडला कोणी, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच विचारावा. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव ह्या भागांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागल्यावर परततात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद अवजारावरून होते. संक्रांतीच्या दिवशी ही माणसे फडात असतात. त्यांची मुले कोपीवर तरी असतात, नाही तर गावी आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. म्हणजे सबंध राज्याचे तोंड गोड करणाऱ्या हातांची मुलेच संक्रांतीस आईबापांवाचून असतात.

ह्यावर भाषण करू नये. मुलांना त्याची गरज नसते. दोन कामे मात्र करावीत. ज्या शाळेत अशी मुले गावी राहिली आहेत, तेथे निबंधाच्या तासाला सर्व वर्गाने मिळून फडावरच्या आईबापांस पत्र लिहावे. ‘आम्ही तिळगूळ केला, तुमचा सोपान पाट्यावर दाणे कुटत होता, त्याचा सतराचा पाढा आता पाठ झाला’ अशा साध्या बातम्या त्यात असाव्यात. टोळीला पत्ता नसतो. परंतु मुकादमाचा मोबाइल क्रमांक गावात कोणाकडे तरी असतोच. पत्राचे छायाचित्र त्यावर पाठवावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते मुलाच्या आवाजात वाचूनही पाठवावे. दुसरे काम ज्या गावच्या शिवारात टोळ्या उतरल्या आहेत तेथील शाळेचे. कोपीवरच्या मुलांना शाळेत बसवून घेणे हे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आपले कर्तव्यच आहे; तिळगुळाच्या दिवशी त्यांना बोलावणे नेण्यास वर्गातील मुलेच पाठवावीत.

एक पातेले

आता मुख्य गोष्ट. वर्गात ४० मुले आहेत असे धरू. प्रत्येकाने दुसऱ्या प्रत्येकास एकेक लाडू द्यावयाचा ठरविल्यास किती लाडू लागतील? हे उदाहरण आधी मुलांनाच घालावे. बहुतेक जण ४० म्हणतील, काही १६०० म्हणतील. स्वतःला कोणी देत नाही हे ज्याच्या ध्यानात येईल तो ४० गुणिले ३९ करून १५६० सांगेल. दहा ग्रॅमचा एक लाडू धरला तर १५ किलो ६०० ग्रॅम. एवढा तिळगूळ वर्गात कोणीही आणीत नाही. प्रत्यक्षात ज्यांच्या घरी आहे ती पाच-दहा मुले आणतात, आपापल्या मित्रांस देतात, आणि उरलेली नुसती हात पुढे करतात. देणारे आणि घेणारे अशी वर्गाची विभागणी होते. संक्रांतीची मूळ चाल अशी नाही, हे शिक्षकाने नीट ओळखले पाहिजे.

बायका सुगडाची देवघेव करतात ती पाहावी. कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या लहान मडक्यात उसाचे पेर, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, गाजर, शेंगा व तिळगूळ भरून एक बाई दुसरीस देते. दुसरीही तिला तेच देते. दोघींच्या सुगडात जिन्नस सारखेच. तेव्हा ह्यात कोणाची गरज भागत नाही की कोणी कोणावर उपकार करीत नाही. वाण म्हणजे दान नव्हे. दानात एक हात वर असतो व एक खाली. वाणात दोन्ही हात एका पातळीवर असतात. शेजारच्या कर्नाटकात तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे व भाजलेले डाळे ह्यांचे मिश्रण ‘एळ्ळु-बेल्ल’ म्हणून घरोघर वाटतात आणि तेही गोड बोलण्याची विनंती करूनच देतात. तेथेही दोन्ही घरांत तोच जिन्नस असतो. शाळेत हीच सारखेपणाची चाल आणावयाची आहे.

ह्यासाठी तिळगूळ घरून आणण्यास सांगू नये. तो शाळेत, एका पातेल्यात करावा. एक किलो तीळ, एक किलो चिकीचा गूळ, पाव किलो शेंगदाण्यांचे जाडसर कूट, चमचाभर तूप व थोडी वेलची एवढे साहित्य घेतले असता दहा ग्रॅमचे दोनशेच्या वर लाडू होतात. सणाच्या आठ दिवस आधी वर्गात एक झाकणाचा डबा तीळ व शेंगदाण्यांसाठी आणि एक गुळासाठी ठेवावा. ज्याला जे शक्य असेल ते त्याने त्यात टाकावे. पण ते सकाळी वर्ग भरण्यापूर्वी, एकट्याने, आणि कोणी काय टाकले ह्याची नोंद न ठेवता. मूठभर तीळ टाकणारा आणि काही न टाकणारा, दोघेही डबा उघडूनच परत येतात. कमी पडेल ते शिक्षकांनी व शालेय व्यवस्थापन समितीने पुरवावे. वर्गणीची यादी करून ती फळ्यावर लावण्याची जी सवय काही शाळांना लागली आहे ती येथे तरी टाळावी.

कामाची वाटणी उघड असावी, कारण कष्टात कोणी गरीब नसते. तीळ निवडणे, शेंगा फोडणे, दाण्यांची टरफले पाखडणे, गूळ चिरणे, ताटाला तुपाचा हात लावणे ही कामे मुलांची. तीळ भाजणे व पाक करणे हे स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी किंवा आईवर्गातील कोणी करावे. पाकाचे पातेले मुलांच्या हाताशी येऊ देऊ नये, गुळाच्या पाकाने भाजलेले फार खोल जाते. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकल्यावर त्याची टणक गोळी झाली की पाक झाला, हे मात्र मुलांना लांबून दाखवावे. मिश्रण हाताला सोसेल इतके निवले की मुलांनी हात धुऊन, तळहाताला पाणी लावून लाडू वळावेत. पहिले काही तराजूत घालून दहा ग्रॅमचे माप हाताला बसवावे. पाकाच्या पोळण्याची धास्ती मोठी असेल तर भाजलेले तीळ व चिरलेला मऊ गूळ एकत्र कुटून लाडू वळावेत; ते थोडे भुसभुशीत होतात, एवढेच.

वाटणी अशी करावी. प्रत्येकास पाच लाडू मोजून द्यावेत आणि ते स्वतः खावयाचे नाहीत असे सांगावे. मुलांनी मैदानावर एक मोठे वर्तुळ करावे. प्रत्येकाने आपल्या उजवीकडील पाच जणांस एकेक लाडू द्यावा व गोड बोलण्याचे वाक्य म्हणावे. सर्वांचे देऊन झाले की प्रत्येकाच्या हातात पुन्हा पाचच लाडू असतात, पण त्यांतला एकही त्याने वळून घेतलेला असा ओळखू येत नाही. “असे कसे झाले?” हे मुलांना विचारावे, चौथीची मुले वर्तुळ काढून त्याचे उत्तर शोधतात. वर्तुळात मुले उभी करताना नेहमीचे सोबती शेजारी येणार नाहीत एवढी काळजी घ्यावी, म्हणजे जो ज्याच्याशी एरवी बोलत नाही त्याच्याही हातावर लाडू पडतो. गावात अजून कोठे हातचे न खाण्याची रीत उरली असेल, तर तीही ह्या पातेल्याने काहीशी सैल होते. कोणाच्या मुठीतले तीळ कोणत्या लाडवात गेले, हे सांगणे कोणास शक्य नसते.

मुस्लिम, ख्रिस्ती व इतर धर्मांच्या मुलांस ह्या पाठात काही परके वाटण्याचे कारण नाही, कारण त्यात पूजा नाही. तीळ, गूळ आणि सूर्य आहेत. ज्या शाळेत ख्रिस्ती मुले आहेत तेथे डिसेंबरात नाताळचा फराळ वर्गात आलेला असतोच. वसईकडील शाळांना हे सांगावयास नको.

आईस बोलावणे

पुष्कळ शाळांतून संक्रांत ते रथसप्तमी ह्या दिवसांत माता-पालकांचे हळदीकुंकू ठेवण्यात येते. आया शाळेत येतात हा मोठाच लाभ आहे. परंतु ज्या मुलाचे वडील वारले आहेत त्याच्या हाती तेच बोलावणे जाते, आणि त्याची आई येत नाही. ती का येत नाही, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. ते मूल इतरांच्या आया येताना पाहत दाराशी उभे राहते. ज्या शाळेने ह्या मुलाला पितृछत्र हरपल्याबद्दल सवलतीचा अर्ज भरून दिला, त्याच शाळेने त्याच्या आईला दाराबाहेर ठेवावे, हे काही बरोबर नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ह्या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. तेव्हा शाळेला संकोच करण्याचे कारण उरलेले नाही. तरीही गावकीच्या रीती एका ठरावाने बदलत नाहीत, हे आपण जाणतो. म्हणून वाद न घालता करता येईल असा मार्ग सुचवितो. बोलावण्यावर ‘हळदीकुंकू’ न लिहिता ‘शाळेचा तिळगूळ’ असे लिहावे. बोलावणे ‘आई, आजी अथवा घरातील कोणीही मोठी स्त्री’ ह्यांच्या नावे असावे. शाळेत वाण देण्याचे काम मोठ्या बायकांकडे न ठेवता मुलांकडे द्यावे : प्रत्येक मुलाने स्वतःच्या आईस किंवा आजीस वाण द्यावे व नमस्कार करावा. मुलाच्या हातचे वाण नाकारणारी आई अजून पाहण्यात नाही. आणि ज्या एकदोन आया तरीही येणार नाहीत, त्यांच्याकडे मुख्याध्यापिकेने किंवा गुरुजींच्या पत्नीने आदल्या दिवशी स्वतः जाऊन यावे. एकदा जाण्याने होणारे काम दहा परिपत्रकांनी होत नाही, हे परिपत्रकाच्या पुस्तिकेत लिहितानाही मान्य केले पाहिजे.

वाण कोणते द्यावे

अलीकडे वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, चाळण्या, कंगवे वाटण्याची चाल पडली आहे. ज्या घरी पैसा अधिक त्या घरी वाण मोठे, अशी चढाओढही दिसते. शाळेने ह्या वाटेस जाऊ नये. वाण ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक, सणाला द्यावयाची वस्तू. दुसरा, बियाण्याची जात. दोन्ही अर्थ साधतील असे वाण शाळेला फुकट मिळते, ते म्हणजे बी.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी वालाच्या, भाताच्या व भाज्यांच्या गावठी जाती जपून बीजकोश उभा केला. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, ही गोष्ट मुलांना सांगावी आणि बी कसे राखावे हे मात्र आपण त्यांच्याकडून शिकतो आहो, हेही सांगावे. प्रत्येक घरात उतरंडीच्या मडक्यात, राखेत घोळून ठेवलेले काही बी असतेच. वाल, दोडका, गिलके, दुधी, भोपळा, अंबाडी, गवार असे जे असेल त्याच्या पाच-पाच बिया मुलांनी आजीकडून मागून आणाव्यात. जुन्या वहीच्या कागदाच्या पुड्या करून त्यांवर बियाचे नाव, ते कोणाच्या घरचे, आणि ते केव्हा लावतात एवढे मुलांनी सुंदर अक्षरात लिहावे. हा शुद्धलेखनाचा उत्तम पाठ होतो, कारण ही पुडी कोणीतरी खरोखरीच वाचणार असते. ज्या मुलाच्या घरी शेत नाही त्याच्याही दारातल्या भोपळ्याच्या वेलाचे बी असतेच. नसेल तर पुड्या करण्याचे व नावे लिहिण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. मग सर्व पुड्या एका टोपलीत मिसळून प्रत्येकाने न पाहता एक उचलावी व ती आईस वाण म्हणून द्यावी.

बी देण्यापूर्वी त्याची उगवण पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक जातीच्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात, फडके रोज भिजवावे, आणि आठवड्याने अंकुर मोजावेत. दहापैकी आठ उगवले तर बी चांगले. निम्म्याहून कमी उगवले तर ती पुडी वाणात घालू नये. थंडीत भोपळा-दोडक्यास अंकुर फुटण्यास दोन-चार दिवस अधिक लागतात, म्हणून ही तयारी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच करावी.

प्रत्येक जातीच्या चार बिया शाळेसाठी बरणीत वेगळ्या काढून ठेवाव्यात. जून-जुलैत पाऊस पडल्यावर वाल कुंपणाच्या कडेने लावावा. त्याला शेंगा धरतात त्या थंडीतच, म्हणजे पुढल्या भोगीच्या भाजीला शाळेची मूठभर पापडी घालता येते. वेल चढविण्यास तुरीच्या काठ्या पुरतात. कुंपणाचे खालचे भोक मात्र आधी बुजवावे, शेळ्यांना वालाचा कोवळा पाला फार आवडतो.